घार थेट माझ्या खांद्यावर उतरली

मित्रांनो, माझ्या इस्त्रीच्या शर्टाला आज दोन भोकं पडली आणि अख्ख्या वाटूरमध्ये एकानेही निषेध नोंदवला नाही.

महिन्यापूर्वी मांजाने पंख कापलेली घार मला सापडली. जखमी पक्षी बरे करणाऱ्या शैलाताईंकडे दिली. दुपारी ताई शाळेत शिकवायला गेल्या की चारायचं काम माझं. नियम कडक: पडद्याआडून, चिमट्याने, मुकाट्याने. मी मात्र हाताने भरवायचो, गप्पाही मारायचो. बिचारीला करमत नसेल!

आज शेतात तिला सोडलं. झकास उडाली. आम्ही टाळ्या वाजवतोय तोच ती वळली आणि माझ्या खांद्यावर येऊन बसली, चोच उघडून.

ताईंचा चेहरा पांढराफटक. "भाऊ, हातानं चारून राह्यलते काय हिला?"

"थोडंसंच, ताई."

"मंग आता ही कुणाच्याही अंगावर उतरणार. पहिलाच माणूस घाबरून काठी घालणार हिच्या डोक्यात. अन् तुम्ही म्हणता थोडंसंच!"

घार परत पिंजऱ्यात गेली. ती माणसाला कधी विसरेल, ताईंनाही सांगता येईना.

असं प्रेम तुम्हीही केलंय का कुणावर?

संध्याकाळी तिच्यापुरतं मटण ताईंच्या फाटकाला अडकवलं आणि आत न डोकावता परतलो.