बंद करून जोडलेला जावई

माझ्या थोरल्या साडूंइतका आपल्या कामाच्या प्रेमात पडलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडायचा नाही. दोन हजार पाचच्या सुमारास शीळफाट्याजवळच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटरचं जाळं सांभाळत. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेट्यांना स्विच म्हणतात. अशा चार पेट्या एकावर एक रचून जोडल्या की त्यातली एक आपोआप प्रमुख होते आणि बाकीच्या निमूट तिचं ऐकतात, या गोष्टीनं त्यांना झपाटलं होतं. "आधी मानाचा आकडा बघतात," डोंबिवलीच्या घरी पोह्यांची बशी हातात तशीच धरून ते सांगत, "ज्याचा मोठा तो प्रमुख. आकडे सारखे निघाले, तर सगळ्यात जास्त वेळ चालू कोण ते बघायचं. भांडण नाही, रुसवा नाही. आपल्या सोसायटीत आहे का असं?" पोहे गार होत. मेहुणी नुसतं म्हणे, "अहो, खा आधी."

माझ्या साखरपुड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "अरे, नवी पेटी चालू ठेवून जोडली तर निवडणूक पुन्हा होते आणि सगळं ठप्प. मी एकदा करून बसलोय, अर्धा दिवस कारखाना अडकला. म्हणून आधी बंद करायची, जोडायची, मग चालू. जावयानं सासरी असंच शिरावं." मी दोन वर्षं तिथं तोंड उघडलं नाही आणि सासरे मला फार गुणी समजले.

सासरे गेले. तेराव्याला प्रश्न निघाला, शहाडच्या घरात सासूबाई एकट्या कशा राहणार. मुलगा नाही, आम्ही तीन जावई. घर विकायचं आणि त्यांनी चार-चार महिने प्रत्येकाकडे राहायचं, असं जवळजवळ ठरलंच. शेवटचा शब्द थोरल्यांचा म्हणून आम्ही साडूंकडे वळलो. ते म्हणाले, "माझा मान बाजूला राहू दे. या घरात सगळ्यात जास्त वेळ चालू कोण आहे? आई, तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "मी इथंच राहीन," त्या म्हणाल्या, "तुम्ही रविवारी येत जा."

परतताना रिक्षात साडू पुन्हा पेट्यांवर बोलू लागले. माझं लक्ष नव्हतं. माझ्या आईला असं कधी कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि आता विचारायला ती नव्हती.