अक्काच्या गाडीसाठी जालन्याच्या भंगारात

सुरतेत कापडाच्या लूमला दिवाळीची सुट्टी लागली, त्याच संध्याकाळी बसमध्ये बसलो. पिशवीत कपडे कमी, पाने-पेचकस जास्त.

कारण अक्का, माझी मोठी बहीण. आमच्या हसनाबादच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही दोघं जायचो. शाळा मी सातवीतच सोडली, पण क्लासातला गाडीचा गेम सोडला नाही. अक्कापुढं मात्र कायम दुसरा. मंग क्लास बंद पडला, तिचं लग्न होऊन ती घनसावंगीला गेली. मागच्या दिवाळीला तिच्या शिलाई मशीनच्या खणात त्या गेमची फ्लॉपी दिसली.

"राहू दे रे," ती म्हणाली, "चालवायला कॉम्प्युटर कुठंय आता?"

तेव्हाच ठरवलं, पुढच्या भाऊबीजेला साडी न्हाई, कॉम्प्युटर.

सकाळी औरंगाबादला उतरून जालन्याची एस.टी. धरली. जालन्यात स्टीलचे कारखाने, त्यामुळं कुठलं कुठलं भंगार इथं वितळायला येतं. त्यात हापिसांतले जुने कॉम्प्युटरही. स्टँडबाहेर गरम भजे खाल्ले (तळलेली मिरची मागून घ्या) आणि रिक्षानं रऊफभाईंच्या भंगारात गेलो.

"क्या होना भाई?"

"जुना कॉम्प्युटर. गेम खेळायला."

चालू होणारी दोनच मशीनं निघाली. एक पेंटियम. दुसरं त्याच्याही आधीचं ४८६, पिवळं पडलेलं, समोर वेग कमी-जास्त करायचं टर्बोचं बटण. "फास्टवालंच द्या" म्हणत मी बिनधास्त पेंटियम उचललं. मॉनिटर धरून हजार रुपये. अंबडमार्गे जीपनं घनसावंगीला निघालो, तर ड्रायव्हर म्हणे, डब्ब्याचं तिकीट वेगळं.

संध्याकाळी लाईट आली. अक्कानं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मी ओरडलो, "फ्लॉपीच्या फटीत अक्षता नको!" क्लासात दसऱ्याला तांदूळ आत जाऊन ड्राईव्ह गेल्ता. ती हसली. गेम चालू झाला, आणि बटणाला बोट लागायच्या आत गाडी धडकली. पुन्हा धडकली.

दाजी म्हणाले, "या गाडीच्या तर अंगात येऊन राह्यलंय!"

अक्का हसली नाही. हात मांडीवर ठेवून म्हणाली, "माझीच बोटं पहिल्यासारखी राह्यली न्हाईत रे."

ते लागलं मला. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, एवढा जुना गेम मशीनच्या चालीनं चालतो. मशीन जितकं पळणार, तितका रस्ता पळणार. बोटं बराबर होती. मशीन मी चुकीचं आणल्तं.

भाऊबीजेला पेंटियम घेऊन पहिल्या गाडीनं परत जालना. पाहतो तर रऊफभाईंकडं कारखान्याचा ट्रक भरून राह्यला, आणि ४८६ ट्रकात!

"रुको, रुको!"

"कल फास्ट होना बोले, आज स्लो होना?" रऊफभाईंनी कपाळावर हात मारला, पण बदलून दिलं. (जायचं असेल तर लक्षात ठेवा, याला जाड गोल पिनचा की-बोर्ड लागतो. तिथंच शोधून घ्या.)

अक्काकडं परतलो, ओवाळून झालं. टर्बो बंद केला. गाडी रस्त्याला लागली, आमच्या जुन्या चालीनं. अक्कानं पदर खोचला, की-बोर्ड ओढला. पहिलं वळण पार, दुसरं पार. मी ताटातलं निरांजन सरकवलं, तिचा हात लागू नये म्हणून. तिचं लक्षच नव्हतं.

आता परत सुरतेत आहे. इथं लूम जितका जोरात तितकी मजुरी, म्हणून जोरात तेच चांगलं असं मला वाटायचं. काल अक्काचा फोन आला. मी म्हणलं बरं आहे ना सगळं.

"बरं आहे. येताना दुसरा की-बोर्ड आण," ती म्हणाली. "याचं गाडी पळवायचं बटण दाबून दाबून बसलं."