मुक्ताबाई आत हाय, मंग बाहेर कोण?

तुमच्या बिल्डिंगचं दार कार्ड दाखवलं की उघडतं, तेव्हा ते कुणाला ओळखून उघडतं हो? तुम्हाला? गोड गैरसमज आहे. दार ओळखतं कार्डाला. मला हे कुठल्या कॉलेजानं नाही शिकवलं, चिकलठाण्याच्या एका सोसायटीत मुक्ताबाईच्या भानगडीत समजलं.

मुक्ताबाई मुकुंदवाडीची. धुणीभांडी करते. तोंडानं फटकळ, हसायला मोकळी. पैठणकडचं गाव सुटलं, पण गावाकडची सावड तिनं सोडली नाही. आज मी तुझ्या रानात खुरपते, उद्या तू माझ्या. इथं रान कुठलं? इथं नळ. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो उन्हाळा होता. आमच्या वस्तीत पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. मुक्ताबाईच्या गल्लीत आलं की पलीकडच्या गल्लीतली साळूबाई तिची घरं उरकायची, साळूबाईकडं आलं की मुक्ताबाई. मालकिणींची तक्रार नव्हती. भांडी लख्ख, विषय संपला.

मग सोसायटीनं दोन्ही विंगच्या दारांवर यंत्रं बसवली. त्या कार्डात बॅटरी नसते बरं का. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि तिळाएवढी चिप. यंत्राजवळ नेलं की त्याच्या लहरींवरच चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. नंबर जातो आतल्या डब्याकडं. हा नंबर, हे दार, ही वेळ, बसतंय का? बसलं तर दार धरून ठेवणारं चुंबक सोडतं. नाही तर लाल दिवा. वर त्या डब्याची एक खोड आहे. आत गेलेलं कार्ड बाहेर पडताना दाखवलं नाही, तर पुन्हा आत घेत नाही. एका कार्डावर दोघं घुसू नयेत म्हणून.

मुक्ताबाईचं कार्ड फक्त ए विंगचं, साळूबाईचं फक्त बीचं. आता सावड कशी चालायची? सोपं! सावडीत खुरपं देतात तसं दोघी एकमेकींना कार्ड द्यायला लागल्या.

एके दिवशी मुक्ताबाई ए विंगमध्ये भांडी घासत होती आणि गल्लीतून फोन आला, "नळ आला, पळ!" टँकरचा पाइप आत घ्यायला मागचं दार वीट लावून उघडं ठेवलेलं. बाई तिथूनच सटकली. गेटवर साळूबाई भेटली, तिच्या हातात कार्ड टेकवलं आणि रिक्षात बसली.

साळूबाईनं ए विंगला कार्ड लावलं. लाल. पुसून लावलं. पुन्हा लाल. वॉचमन सर्जेराव आला, डब्याच्या पडद्यावर बघून म्हणाला, "मुक्ताबाई आत हाय."

"आत हाय तर मला आत्ता कार्ड कुणी दिलं? तिच्या भुतानं?"

ती रिक्षानं गेली असं साळूबाई सांगत होती, पण सगळ्यांचा भरवसा डब्यावर. झालं! बाई आत आहे, पण कुठंच नाही. सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब हादरले. गच्ची पाहिली, लिफ्ट पाहिली, पाण्याच्या टाकीतसुद्धा बॅटरी मारली. एक आजोबा कपाटाला कुलूप लावून दारात काठी घेऊन बसले. तेवढ्यात मुक्ताबाई ओल्या पदरानं गेटवर हजर. "मला कामून धुंडायलात सगळे?"

तात्यासाहेबांनी जागच्या जागी दोघींची कार्डं बंद केली. कार्ड बंद म्हणजे काम बंद, आणि दोघींची सगळी घरं त्याच सोसायटीत. संध्याकाळी मीटिंग ठेवली. मुक्ताबाईनं मला फोन लावला. मी घरकामगार बायांची संघटना चालवते, फोन आला की चप्पल घालते.

गेले आणि सुरूच झाले, "ही काय जेल आहे का तुमची..."

"ताई, जरा दम धरा," मुक्ताबाईनं मलाच गप्प केलं. "भांडण माझं हाय, मी करते." मग तात्यासाहेबांकडं वळली. "सायेब, तुमचं गाव फुलंब्रीकडं ना? तिकडं सावड नाय का?"

"होती ना. आमच्या कपाशीच्या खुरपणीला अख्खं गाव यायचं."

"मंग आम्ही तेच केलं. चोरी कुठं केली?"

"अहो, पण मशीनला सावड कळत नाही!"

"मशीनला काहीच कळत नाही, काका," यंत्राचं सगळं बघणारी चारुता म्हणाली. ती तिथलीच, कारखान्यात इंजिनिअर. "आपण जे भरू तेच ते मानतं. एक विंग आपणच भरली. दोघींच्या कार्डांना दोन्ही विंग देऊ. त्यांच्याकडं पाण्याचा नेम नाही, म्हणून वेळही वाढवू. मग कार्डांची अदलाबदल करायची गरजच नाही."

तात्यासाहेब कुरकुरले. आत कोण आहे ते आम्हाला कळायला नको का? रास्तच होतं. शेवटी ठरलं, ज्याचं त्यानंच कार्ड वापरायचं आणि बाहेर पडतानाही दाखवायचं.

"कबूल," मुक्ताबाई म्हणाली. "पण ती वीट बी काढा. एवढं महागाचं मशीन, अन् दार उघडं ठिवतीय वीट!"

तात्यासाहेबसुद्धा हसले. चारुतानं तिथंच लॅपटॉप उघडून दोघींची कार्डं पुन्हा सुरू केली. सकाळी साळूबाईनं ए विंगला स्वतःचं कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. मुक्ताबाई तेव्हा घरी हंडे भरत होती.

तुमच्या दारावरही असं यंत्र असेल तर उद्या एवढं करा. कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, "तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं?" आणि ऐकून नुसती मान हलवू नका, त्यांच्या कार्डाची वेळ बदलून घ्या.