गैबीसाब चावीवाल्याचा नळ

गैबीसाबनं एकतीस वर्षं गावाला पाणी सोडलं. सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावरचं हे गाव. नाव सांगत नाही, उगीच माझ्यामागं लचांड नको. पाच दिवसांतून एकदा पाणी, गल्लीला पाऊण तास. तेवढ्यासाठी बायका लग्नातल्या पंगतीवरून उठून घरी पळतात! अशा गावात व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात, त्याला शिव्या ठरलेल्याच. गैबीसाबनं त्या पोटभर खाल्ल्या. पण त्यानं कुणाचं पाणी पळवलं, असं म्हणायची कुणाची जीभ रेटली नव्हती. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तेवढं नाव घेऊन त्याला घरी बसायचं होतं, बस्स.

आणि नेमकी ह्या उन्हाळ्यात भीमनगरातली धार करंगळीएवढी झाली. चावी तीच, व्हॉल्व्ह उघडायचे आटे तेच अठरा. वस्तीतली थोरली विठाबाई रिकामी घागर घेऊन रस्त्यावर आली.

"गैबीसाब, पाणी सोडलंय का नुसतं वारं?"

"आक्का, अल्लाची शपथ, अठराच्या अठरा आटे फिरवलेत."

"मग जातंय कुटं?"

तेच तर त्याला कळत नव्हतं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा मोजलं. अठराच. डोकं पार चक्रावलं. नगरपालिकेत गेला, तर इंजिनिअर साहेबांनी त्याला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! "चाचा, लाईन जुनी झालीय. दोन महिन्यांसाठी कशाला डोक्याला ताप?" साहेब गोड बोलले आणि ह्याचा गोंधळ आणखीच वाढला.

साहेब तसे त्याच्यावर खूश होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी माणसं पाठवून गैबीसाबच्या अंगणात नवा नळ बसवून दिला होता. निवृत्तीची भेट म्हणे! त्याला रोज पाणी. त्याच्या बायकोनं, सुगराबीनं, त्या माणसांना शिरा करून घातला. "हे पाणी कुठल्या लाईनचं?" असं गैबीसाबनं विचारलं होतं. "मेनवरचं, कर्मचाऱ्यांची सोय," असं उत्तर आलं आणि ह्या भल्या माणसानं ते मानलं. आयुष्यात कधी नव्हे ते कुणी कौतुक केलेलं, त्याला नाट कोण लावणार?

शेवटी त्यानं जुन्या चावीवाल्यांची युक्ती काढली. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना लोखंडी गज पाईपवर टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. आत पाणी वाहत असलं की गज गुणगुणतो. भर दुपारी तो भीमनगरच्या व्हॉल्व्हपासून निघाला. चार पावलं चालायचा, वाकायचा, ऐकायचा. मागं विठाबाई, तिचा पुतण्या नागनाथ आणि निम्मी वस्ती. आवाज शाळेपाशी वळला, बाजार ओलांडला आणि गैबीसाबच्याच दारात येऊन थांबला.

सुगराबी अंगणात पाईपनं झाडं भिजवत होती.

गैबीसाबनंच सांगितलं, "खणा." नागनाथनं कुदळ मारली. दोन फुटांवर हाताच्या मनगटापेक्षा जाड नवा पाईप निघाला. तो शेजारच्या भिंतीखालून नगरसेवक अभिमन्यू यांच्या पाण्याच्या जारच्या कारखान्यात शिरला होता. त्याच पाईपला फोडून अर्ध्या इंचाची एक नळी गैबीसाबकडं दिली होती. सगळ्यांनी बघितलं. गैबीसाबनं स्वतःच्या हातानं आपली नळी कापली आणि त्याला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनं पंचनामा केला. त्यात एकच नळ लिहिला, गैबीसाबचा. जाड पाईप 'जुनी लाईन' म्हणून माती ओढून झाकला. पंच म्हणून विठाबाईचा अंगठा आणि नागनाथची सही. गैबीसाबची चावी काढून घेतली.

पाचव्या दिवशी भीमनगरात पाणी असं आलं की घागरी कमी पडल्या. जाड पाईपचा कॉक त्या आठवड्यापुरता बंद ठेवला होता, हे मी सांगतोय. गैबीसाबला कोण सांगणार? वस्तीला तर डोळ्यांपुढं दिसत होतं, की ह्याचा नळ तुटला आणि पाणी आलं.

तो विठाबाईकडं गेला. "आक्का, जाड पाईप तुमीबी बघितला हुता की."

"बघितला हुता."

"मग अंगठा?"

विठाबाईनं मान खाली घातली. "अंगठा दिला तर पाणी सोडतो म्हणले साहेब. घरात बाळंतीण हाय, गैबीसाब. काय करायचं हुतं मी?"

गैबीसाबला तिचा रागही धड येईना. तो घरी आला आणि उंबऱ्यावर बसला.

"सुगरा, अर्ध्या इंचाच्या नळीनं अख्खी वस्ती सुकते का गं?"

"मला काय विचारता?" सुगराबीला रडूच फुटलं. "एकतीस वर्षं पाणी तुमी सोडलं. तुमालाच ठाऊक."

"व्हय, ठाऊक हुतं," गैबीसाब म्हणाला. "कालपातूर ठाऊक हुतं."