उजवीकडून लिहिलेला खुशालचेंडू

आमच्या घरात ‘खुशालचेंडू’ ही शिवी आहे. पप्पांची, खास. मी सायन्स सोडून बीएला मराठी घेतलं तेव्हापासून मी खुशालचेंडू, आणि दिवसभर माझ्यासोबत खिदळतात म्हणून आबा, म्हणजे माझे आजोबा, दुसरे. संध्याकाळी उस्मानपुऱ्याच्या घरात शिरल्या शिरल्या पप्पांचं पहिलं वाक्य, “काय म्हणतात दोन्ही खुशालचेंडू? ना चिंता, ना फिकीर!”

तर कॉलेजात सरांनी सांगितलं, प्रत्येकानं एक शब्द घ्या आणि तो कुठून आला ते वर्गापुढं येऊन सांगा. मी दुसरा कोणता घेणार होते?

वहीत ठोकून दिलं: संस्कृतातला ‘कुशल’, त्याचाच झाला ‘खुशाल’. आबांना ऐटीत वाचून दाखवलं. ते शेंगा सोलत होते.

“कुशल नाय गं येडे. खुश-हाल. फारशीतून आलंय ते.”

आबांना हे माहीत असणारच. वैजापूरला निजामाच्या काळात ते उर्दूत शिकले, पहिला नंबर कधी सोडला नाही. सातवीत होते तेव्हा पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं शाळा मराठी झाली, आणि पहिल्या नंबरचं पोरगं लहान पोरांत बसून ग म भ न गिरवायला लागलं. लाज वाटली. शाळा सुटली ती सुटलीच. जन्मभर कांदा लावला. उर्दू मात्र कुठंही लिहायचे, पेपरच्या कडेला, औषधाच्या पाकिटावर. घरात ते कुणालाच वाचता यायचं नाही. आम्ही म्हणायचो, आबांनी परत मुंग्या सोडल्या. तेही हसायचे. पण एकदा म्हणाले होते, “माझं अक्षर चांगलंय का वाईट, हे सांगणारं बी कुणी उरलं नाय.”

माझा नंबर आला त्या दिवशी कॉलेजनंतर आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं, म्हणून त्यांना सोबतच आणून पार्किंगमध्ये बसवलेलं. मी आबांचं ‘खुश-हाल’ सांगितलं. सरांनी विचारलं, “हे कुणी सांगितलं तुला?”

“आबांनी. खाली बसलेत, आणू?”

सर हसले, “आण की!”

धोतर, टोपी, हातात काठी. सरांनी खडू दिला तर आबा थेट फळ्याच्या उजव्या टोकाला गेले.

“आबा, इकडून!” एकजण ओरडला.

“बाळा, माझी गाडी उलटी येती.”

वर्ग फुटला नुसता! आणि मग त्यांनी लिहिलं, सावकाश, न थरथरता.

पुढच्या बाकावरून प्रश्न आला, “पण आबा, हाल म्हणजे तर त्रास ना? हाल झाले म्हणतो आपण.”

“हाल म्हंजी हालत. बरी बी असती, वाईट बी. मराठीत येऊन निसती वाईटच उरली बिचारी. खुशालमधी तेवढी बरी ऱ्हायली.”

“आणि चेंडू?”

“चेंडू तुमच्याकडचा. कसाबी फेका, उडतोच. अर्धा शबुद माझ्या शाळंतला, अर्धा तुमच्या.”

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची माझी मैत्रीण उठली. तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दूत झालेलं. तिनं फळ्यावरचं मोठ्यानं वाचलं, “खुशहाल.” आणि म्हणाली, “दादाजी, लिखावट तो बहुत खूबसूरत है आपकी. हमारे सर की भी ऐसी नहीं थी.”

आबा वळले. “सच बोलरी?”

“एकदम सच.”

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि नुसतेच ताठ उभे राहिले, जसं काही कुणीतरी निकाल वाचतंय. आख्ख्या वर्गाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, हे माझे आबा आहेत! अरे, सगळ्यांना माहीतच होतं की ते, मीच तर आणलं होतं.

फळा कुणी पुसला नाही. आबा स्कूटीवर मागं बसले तेव्हा मी म्हटलं, “चला, डॉक्टरकडं.”

“कशाला? अक्षर बघितलं ना तू? डोळं ठणठणीत हायत. घरी चल, तुझ्या बापाला सांगायचंय.”