दहा मिनिटांचं मटार सूप

‘दहा मिनिटांत होतं,’ असं ज्या पदार्थाबद्दल कोणी सांगेल त्या पदार्थापासून आणि ते सांगणाऱ्या माणसापासून लांब राहावं, हे मी आता भेटेल त्याला न विचारता सांगत असतो. मला हे शहाणपण जानेवारीतल्या एका दिवशी आलं. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, हप्त्याहप्त्याने आलं.

रायपूर तेव्हा नवीनच राजधानी झालं होतं. रस्ते उकरून ठेवलेले, दर तिसऱ्या बंगल्यावर एखाद्या संचालनालयाची पाटी, आणि कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा मंत्रिमंडळात काय शिजतंय ते चुना लावता लावता सांगायचा. आमची कचेरी वर्षभरात तीनदा हलली. तिसऱ्या खेपेला फायलींच्या पेट्यांबरोबर माझी खुर्ची जी गेली, ती कुठे उतरली हे आजतागायत कळलेलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर भोपाळहून बदलून आलेलं एक जोडपं भाड्याने राहत होतं. नवरा दिवसभर कचेरीत आणि बायको दिवसभर भोपाळात. म्हणजे देह आमच्या वरच्या मजल्यावर, पण जीव तिथल्या मोठ्या तलावाच्या काठी.

त्या जानेवारीत माझी बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी यवतमाळला गेली, आणि तिची गाडी सुटायची वाट पाहत असल्यासारखी आईला कावीळ झाली. तीन दिवस पोटात काही टिकेना. साखरेचं पाणी, ताक, उसाचा रस, सगळं जसं गेलं तसं परत आलं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, त्यांनी तिचे डोळे खालीवर करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘माताजी, शाम छह बजे फिर आऊंगा. तब तक एक कटोरी कुछ भी पेट में रुकना चाहिए. नहीं तो भरती करके सलाईन लगाएंगे.’’

आईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. डॉक्टरांची स्कूटर फाटकाबाहेर पडली तशी म्हणाली, ‘‘मी नाही जात कुठी.’’

‘‘आई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.’’

‘‘तिथं दुसऱ्याच्या संडासात जा लागते. मेली तरी चालन, पण जाणार नाही.’’

यात अतिशयोक्ती नव्हती. ही बाई दूरच्या लग्नांना गेली तर दिवसभर पाणी पीत नसे. तेव्हा सहाच्या आत एक वाटी काहीतरी तिच्या पोटात जाऊन तिथेच राहिलं पाहिजे, एवढंच काम माझ्यापुढे होतं.

पण त्याला एक पोटकलम होतं. आमच्या घराण्यात काविळीच्या माणसाला पिवळं काही द्यायचं नाही आणि दाखवायचंही नाही. डॉक्टरांचा या नियमाशी काही संबंध नव्हता. तो नागपूरहून आमच्या पणजोबांबरोबर आला असावा आणि पणजोबांपेक्षा जास्त टिकला. हळदीचा डबा वरच्या मजल्यावर स्थलांतरित झाला. देवांवरचा झेंडू जाऊन तगर आली. तिच्या खोलीतला बल्ब काढून मी ट्यूबलाइट लावली. माझा एकुलता एक बरा स्वेटर मोहरीच्या रंगाचा होता, त्यामुळे ऐन थंडीत मी चार दिवस नुसत्या शर्टात कुडकुडत मातृसेवा करत होतो.

अशात वरची भाडेकरीण जिना उतरून आली. ‘‘भैया, आंटीजी को मटर का सूप दीजिए. तेल नहीं, मसाला नहीं. उबालो, पीसो, छानो, नमक डालो. दस मिनट! भोपाल में तो हम रोज बनाते थे.’’

आतून आईचा आवाज आला, ‘‘हिरवं राहते का?’’

‘‘एकदम हरा, आंटीजी!’’

‘‘मग चालते.’’

मी हातगाडीवरून दोन किलो शेंगा घेतल्या आणि आईच्या खोलीच्या दाराशी सोलायला बसलो. दहा मिनिटं इथेच संपली. पहिल्या पाच शेंगांत तीन अळ्या निघाल्या. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण शेंगा फुटण्याच्या आवाजात जरा खंड पडला की तिला कळायचं.

‘‘खाऊन राहिला का रे?’’

‘‘नाही आई,’’ मी तोंड भरलेलं असताना म्हणालो.

सोलायला पाऊण तास लागला. मग निम्मे दाणे कुकरमध्ये घातले आणि वरणाला देतात तशा चार शिट्ट्या दिल्या, कारण स्वयंपाकातलं मला तेवढंच येत होतं. झाकण उघडलं तेव्हा आतल्या दाण्यांनी हिरवेपणाचा राजीनामा दिलेला होता. मिक्सरमधून काढलं, गाळलं, मीठ घातलं, आणि वाटीत जे उतरलं त्याचा रंग वनखात्याच्या जुन्या गणवेशासारखा होता.

आईने मान वळवून एकदाच पाहिलं. ‘‘हे पिवळं आहे.’’

‘‘आई, हा खाकी रंग आहे.’’

‘‘खाकी म्हणजे मळलेला पिवळाच.’’

‘‘अगं, काविळीत माणसाला सगळंच पिवळं दिसतं म्हणतात.’’

‘‘तुझा शर्ट निळा आहे, दुसरं बटन तुटलं आहे, अन् मिशीले मटर लागून आहे,’’ आई म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

साडेबाराच्या सुमाराला पुरानी बस्तीतून आत्याबाई सायकलरिक्षाने आल्या. आत्याबाई म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवं राज्य झाल्याचं त्यांना मान्य होतं, पण आपल्याला विचारलं नाही एवढी तक्रार होती. काविळीतल्या त्या आमच्या घराण्याच्या तज्ज्ञ. त्यांनी कुठल्याशा वैद्याकडून मंतरलेल्या काड्यांची माळ आणली होती. ती त्यांनी आईच्या डोक्यावर घातली. कावीळ उतरेल तशी माळ वाढत वाढत गळ्यात येते, म्हणे. मग पदर खोचून त्या स्वयंपाकघरात शिरल्या, आणि माझं खाकी सूप पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

‘‘सोडा काहून नाही टाकला? चिमूटभर खायचा सोडा टाकला की मटर पोपटासारखे हिरवे राह्यतात.’’

‘‘पण आत्याबाई, वरच्या बाई म्हणाल्या...’’

‘‘तिले काय समजते? तिकडच्या लोकायले तलावाशिवाय दुसरं काही माहीत आहे का? तलाव तर आमच्या तेलीबांध्यातही आहे.’’

तेव्हाच्या तेलीबांध्याच्या तलावात पाणी कमी आणि जलपर्णी जास्त होती, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. उरलेले दाणे उकळायला ठेवले. आत्याबाईंची चिमूट म्हणजे अर्धी मूठ. पातेल्यात असा फेस आला की दूध उतू जावं तसं ते गॅसभर पसरलं. पण रंग! असा हिरवा रंग मी निवडणुकीच्या झेंड्यातसुद्धा पाहिलेला नाही. मी हर्षभराने चमचाभर तोंडात घातलं आणि बेसिनकडे धावलो. अंगाला लावायचा साबण कोणी वाटून दिला तर तो अगदी असाच लागेल. आईपर्यंत तर ते गेलंच नाही. पलंगावरूनच वास घेऊन ती म्हणाली, ‘‘कपडे भिजवले का?’’

एवढ्यात भाडेकरीण खाली आली. ‘‘भैया, सोडा किसने डाला?’’

‘‘हमने डाला,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘आमच्या इकडं असंच डालते.’’

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भाडेकरीण आणि खाली आत्याबाई, अशी भोपाळ विरुद्ध पुरानी बस्ती ही लढाई पंधरा मिनिटं चालली. एकीची हिंदी दुसरीला अर्धी कळत होती आणि दुसरीची मराठी पहिलीला मुळीच नाही, त्यामुळे दोघीही आपणच जिंकलो असं समजून आपापल्या जागी परतल्या. जाता जाता भाडेकरणीने मला मात्र एकदाची खरी रीत सांगितली. झाकण ठेवायचं नाही, भरपूर खळखळत्या पाण्यात दाणे चारच मिनिटं, मग लगेच गार पाण्यात, मग वाटायचं. हे तिला सकाळी सांगता आलं असतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, ‘‘ये तो सबको पता होता है ना भैया.’’

दोन वाजले होते आणि मटार संपले होते. हातगाडीवाला घरी जेवायला गेला होता. मी स्कूटर काढून तेलीबांध्याकडे निघालो, कारण तिकडे रस्त्याच्या कडेला खेड्यातल्या बाया टोपल्या घेऊन बसतात. मटार मिळाले, तेही विनाअळीचे. आणि परतताना रस्ता बंद! कोणा मोठ्या माणसाची सवारी जाणार होती. पूर्वी आमच्याकडे असा माणूस वर्षातून एकदा यायचा आणि आम्ही हौसेने बघायला जायचो. आता तो दिवसातून चारदा जायचा आणि आम्हाला बळेच बघावं लागायचं. मांडीवर मटारची पिशवी घेऊन मी पंचेचाळीस मिनिटं स्कूटरवर बसून होतो. वेळ सत्कारणी लावावा म्हणून तिथेच सोलायला लागलो. शेजारच्या पोलिसाने दोन शेंगा मागून खाल्ल्या आणि ‘‘मीठा है’’ असा निर्वाळा दिला. मी म्हटलं, भाऊ, माझी आई घरी उपाशी आहे. तो म्हणाला, मैं भी.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. या वेळी मी आत्याबाईंना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं आणि घड्याळ समोर ठेवून चार मिनिटं मोजली. दाणे गार पाण्यात टाकले, वाटले, हलकेच गरम केलं. मला आजही सांगताना भरून येतं, सूप हिरवं झालं! सोड्याचं भडक हिरवं नाही. रोवणीनंतर धानाचं शेत दिसतं तसं कोवळं. मी वाटी दोन्ही हातांत धरून, मागे आत्याबाई, जिन्यावर भाडेकरीण, अशी मिरवणूक आईच्या पलंगापाशी नेली.

आई उठून बसली. काड्यांची माळ डोक्यावर मुकुटासारखी बसली होती. तिने वाटीत पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं, पुन्हा वाटीत पाहिलं.

‘‘हिरवं आहे,’’ ती म्हणाली.

‘‘आहे ना?’’

‘‘हव. पण मले भूक नाही.’’

मी चिडलो. सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. अळ्या, शिट्ट्या, सोडा, सवारी, पोलीस, सगळं हातवारे करून ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग आत्याबाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, ‘‘पेलं अन् उलटलं, तर तुम्ही मले नेणारच. त्यापेक्षा पेलंच नाही तर बरं.’’

‘‘अगं, नाही प्यायलीस तरी नेणारच आहेत!’’

‘‘ते सहाचं सहाले पाहू.’’

म्हणजे सकाळपासून भांडण पिवळ्या रंगाशी नव्हतंच. ती घाबरली होती. मी जमिनीवर बसलो. सकाळपासून कच्च्या दाण्यांशिवाय माझ्याही पोटात काही नव्हतं. वाटी हातात होतीच, मी ती तोंडाला लावली.

पलंगावरून प्रश्न आला, ‘‘मीठ टाकलं का?’’

‘‘टाकलं.’’

‘‘किती?’’

‘‘अंदाजाने.’’

‘‘तुझा अंदाज! आण इकडं.’’

तिने चमचा घेतला, डोळे मिटले आणि रोज वरणाची चव घ्यायची तशी चव घेतली. ‘‘अळणी आहे.’’

मी चिमूटभर मीठ घातलं. दुसरा चमचा. ‘‘आता बरं आहे, पण घट्ट झालं. गरम पाणी टाक.’’ पाणी घातलं. तिसरा, चौथा. ‘‘गाळलं नाही का नीट? सालपट लागून राहिलं.’’ पुन्हा गाळलं. पाचवा चमचा जरा मोठा होता.

आत्याबाई ‘‘अगं बाई, वहिनी पिऊन...’’ एवढं म्हणाल्या, तेव्हा वडीलधाऱ्या माणसाच्या पायावर मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पाय दिला. आत्याबाई हुशार. पाय सोडवून घेत म्हणाल्या, ‘‘वहिनी, मले तर मीठ आता जास्तच वाटून राहिलं.’’

‘‘तुम्हाले कधी समजलं मिठातलं, वन्सं?’’ असं म्हणून आईने शहानिशा करायला आणखी दोन चमचे घेतले. वाटीचा तळ दिसला तेव्हा साडेपाच झाले होते.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं एका पोटाकडे टक लावून बसलो. आईने एक ढेकर दिली तेव्हा मी तस्त घेऊन उभाच राहिलो. ‘‘बस खाली, ढेकर आहे,’’ ती म्हणाली. भाडेकरीण जिन्यावरून खुणेने विचारत होती, रुका क्या? सूप आत गेलं होतं आणि आतच होतं.

सहाला डॉक्टर आले. ‘‘माताजी, कुछ लिया?’’

‘‘कुछ नहीं लिया,’’ आई ठणकावून म्हणाली. ‘‘इसने बनाया था. नमक का अंदाज नहीं है इसको, तो थोडा चख के देखा.’’

मी तिच्या पाठीमागून रिकामी वाटी उलटी करून दाखवली. डॉक्टरांनी वाटी पाहिली, माझ्या शर्टावरचं मटार पाहिलं, नाडी पाहिली आणि भरतीचा कागद न काढताच बॅग मिटली. ‘‘कल भी ऐसे ही चखिए,’’ ते म्हणाले.

‘‘काहून?’’ ते गेल्यावर आई मला म्हणाली. ‘‘उद्याही असंच अळणी करशील का?’’

केलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठ विसरलो, तिसऱ्या दिवशी जाडंभरडं वाटलं, चौथ्या दिवशी इतकं पातळ केलं की वाटीचा तळ दिसत होता. स्वयंपाक न येणाऱ्या माणसाने रोज नवी आणि बेताची चूक शोधून काढणं हे फार दमवणारं काम आहे. एकदा तर मी तब्येतीने चांगलं केलं आणि ती दोनच चमचे घेऊन थांबली. नवव्या दिवशी ती भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली. तिच्या मते हा पोट्टा काही सुधारण्यातला नव्हता.