पोलादपूरची पोर

कुणाला शाबासकी द्यायची वेळ आली की चाचा तिसऱ्याच माणसाचं कौतुक करायचे. समोर मी उभी असायची. महाडहून सव गावापर्यंत धावत आलेली, धाप लागलेली, घामानं निथळणारी. चाचा टेम्पोच्या मागच्या दाराशी पावाच्या लाद्या उतरवत असायचे. माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पोलादपूरची एक पोर हाय ना, ती आतापावेतो परत फिरली असती." झालं. चार वर्षांत 'बरी धावलीस' एवढे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

चाचा क्रीडाशिक्षक नव्हते. शिट्टी नाही, ट्रॅकसूट नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. महाडच्या एका बेकरीचा पाव ते टेम्पोतून गावोगाव पोचवायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सवच्या बाजूला आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पोलादपूरला. तरुणपणी काही वर्षं कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. तिथं कंपनीच्या शर्यतीत आपण धावलो होतो, असं सांगायचे. कितवे आलात, असं विचारलं की म्हणायचे, "गर्दी फार होती."

आमची गाठ पडली ती बाबांच्या विसरभोळेपणामुळे. बाबा कोर्टात कारकून, पण त्यांचा जीव पत्रकांत. चवदार तळ्याच्या काठावर त्यांच्या बाजूला उभी राहून पत्रकं वाटता वाटता मी वाचायला शिकले. चुकीचा शब्द छापून लोकांच्या हातात द्यायचा नाही, ही त्यांची शिकवण. तर एका सकाळी बाबा सभेसाठी पोलादपूरच्या एस.टी.त बसले आणि पत्रकांचा गठ्ठा घरीच राहिला. मी नववीत होते. गठ्ठा छातीशी धरून वस्तीपासून हायवेपर्यंत धावले आणि पुढच्या थांब्यावर गाडी गाठली. खिडकीतून गठ्ठा आत दिला आणि मागे वळले, तर पावाचा टेम्पो उभा.

"एस.टी. पकडलीस?" चाचांनी विचारलं.

"पकडली."

"एस.टी. काय, थांबतेच. पोलादपूरला एक पोर हाय, ती चढावर चाललेली गाडी गाठते."

चौदा वर्षांची मी. त्या न पाहिलेल्या पोरीचा मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेम्पोची वाट बघत रस्त्यावर उभी होते. बाबा म्हणाले, "जा, माणूस सच्चा आहे." बाबांचा माणसांचा अंदाज नेहमीच असा.

चाचांकडे घड्याळ होतं, पण ते वेळ दुकानांत मोजायचे. टेम्पो माझ्यासाठी थांबायचा नाही. वाटेतल्या एकेका दुकानात पाव टाकत ते पुढे जायचे, आणि सवच्या शेवटच्या दुकानात लाद्या उतरायच्या आत मी तिथं पोचायचं. आज तीन दुकानांनी उशीर, आज दोन. एखाद्या दुकानदाराशी त्यांच्या गप्पा रंगल्या तर मी लवकर पोचल्यासारखी दिसायची आणि तो उधारीवर चिडलेला असला तर उशिरा. ही कसली मोजणी, म्हणून मी भांडायचे. "दुकानदार माझ्या हातात हायत का?" असं ते विचारायचे, जणू मीच त्यांना अन्यायानं धारेवर धरलं होतं. आणि सगळ्यात मोठा अन्याय वेगळाच होता. उपाशीपोटी ताज्या पावाच्या वासामागे सहा-सात किलोमीटर धावणं काय असतं, ते धावल्याशिवाय कळत नाही.

पहिलं वर्षभर पुढच्या सीटवर चाची बसलेल्या असायच्या. परक्याची मुलगी पहाटे टेम्पोमागे धावते म्हटल्यावर बाजारात कुणीतरी काहीतरी बोलणारच. ते बोलायच्या आधीच चाचांनी चाचींना सोबत घेतलं. चाची बिचाऱ्या सवपर्यंत डुलक्या काढायच्या आणि पोचल्यावर मला दोन टोस्ट द्यायच्या. या एका गोष्टीसाठी मी चाचांना अर्धे गुन्हे माफ केले होते. उरलेले अर्धे पुष्कळ होते.

सवला गरम पाण्याची कुंडं आहेत. धावून झाल्यावर पाय पाण्यात सोडून बसले की पोटऱ्या सैल व्हायच्या. दोन मिनिटं झाली की हॉर्न वाजायचा. "पोलादपूरची पोर पाय-बीय शेकत बसत नाय."

"तिच्याकडे कुंड कुठं आहे शेकायला?"

"म्हणूनच तर. नाय म्हणून रडत पण नाय."

हळूहळू ती पोर आमच्या घरात राहायला आल्यासारखी झाली. ती म्हणे आंबेनळी घाटाच्या बाराव्या वळणापर्यंत धावत जाते. परत येऊन दहा माणसांच्या भाकऱ्या थापते, मग शाळेत जाते. पावसात धावते, तापात धावते. मी सहा किलोमीटर केले की ती आठ करायची. मी आठ केले की तिचे दहा व्हायचे. आरशासमोर केस विंचरताना मी मनातल्या मनात तिला टोमणे मारायची. तिचं नाव मात्र चाचांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "नाव कळून काय पाय हलके होणारेत तुझे?"

माझं एकच म्हणणं होतं, मला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरू द्या. तिथं पहिली येणारी एकच मुलगी राज्याच्या स्पर्धेला जायची, आणि ती मीच असणार, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. दोन वर्षं चाचांनी हलू दिलं नाही. "अजून कच्ची हायस. अर्धा भाजलेला पाव मी गिऱ्हाइकाला देत नाय." मी म्हणायची, मी पाव नाही, माणूस आहे. ते म्हणायचे, "पाव एवढं बोलत नाय."

अकरावीत अखेर परवानगी मिळाली. मी बाबांबरोबर एस.टी.नं अलिबागला गेले. मैदानाच्या कडेला गवतावर बसून पाठीवरचा नंबर पिनांनी लावायची खटपट करत होते. शेजारी एक काटकुळी मुलगी, दोन घट्ट वेण्या, पायात माझ्यापेक्षाही जुने बूट. तिनं न विचारताच माझी पीन लावून दिली आणि मग माझ्याकडे बघतच राहिली.

"तू महाडची?"

"हो."

"ती, सव रोज दोनदा करणारी?"

"दोनदा कुणी सांगितलं? एकदाच करते. तेवढ्यातच जीव जातो." मग माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "तू पोलादपूरची? बारा वळणं?"

"बारा? सात गो. पुढं चढ किती हाय तो बघितलायस का?"

"आणि दहा माणसांच्या भाकऱ्या?"

"भाकऱ्या आई करते. आम्ही चौघंच हाव घरात." तिनं डोळे बारीक केले. "महाडची पोर तोंडातून एक शब्द काढत नाय म्हणे. सांगंल तेवढं मुकाट धावते."

मी मुकाट. हे ऐकून शेजारी बसलेल्या बाबांना हसू आवरेना. ती मुलगी म्हणजे वैशाली. तीन वर्षं चाचा आठवड्यातले तीन दिवस मला तिच्या नावानं पळवत होते आणि उरलेले तीन दिवस तिला माझ्या नावानं. आम्ही दोघींनी मान वळवून बघितलं, तर चाचा टोस्टची पिशवी घेऊन लिंबू सरबताच्या गाडीमागे उभे होते आणि अगदी आभाळाकडे बघत होते.

माझं डोकं फिरलं. माणसाला खरं सांगितलं की माणूस पेटून उठतो, यावर मी वाढले होते. आणि इथं मला तीन वर्षं खोट्यावर पेटवलं होतं. शर्यतीला दहा मिनिटं होती. मी वैशालीसमोर तिथंच ठराव मांडला. दोघींनी पूर्ण शर्यत बरोबर धावायची, शेवटी हात धरून एकाच वेळी रेषा ओलांडायची. कोण पहिली, हे पंचांनाही कळू द्यायचं नाही आणि चाचांना तर नाहीच. वैशालीनं थोडा विचार केला. "चालंल. पण शेवटपावेतो हां. मधी सुटायचं नाय."

"मी शब्द मोडत नाही," मी म्हणाले.

साडेसात फेऱ्या होत्या. सहा फेऱ्या आम्ही खांद्याला खांदा लावून धावलो. बाकीच्या मुली मागे पडल्या. शेवटच्या फेरीत तिचा श्वास माझ्या कानाशी ऐकू यायला लागला. तो श्वास मी ओळखत होते. तीन वर्षं पहाटे सवच्या रस्त्यावर तो माझ्या दोन पावलं पुढे असायचा आणि मला कधी गाठता आला नव्हता. आता तो बरोबरीला होता. शेवटच्या वळणावर वैशालीनं ठरल्याप्रमाणे हात पुढे केला. आणि मी सुटले.

हे मी कुणावरही ढकलू शकत नाही. ठराव माझा, शब्द माझा आणि मोडला तोही मीच. वर फजिती अशी की शब्द मोडूनही जिंकता आलं नाही. रेषेच्या दहा पावलं आधी वैशाली माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली. राज्यासाठी तिची निवड झाली.

मी गवतावर तोंड खाली घालून बसले होते. चाचा आले. मी त्यांना हवं ते बोलले. तुम्ही खोटारडे आहात, तुम्ही आम्हाला एकमेकींविरुद्ध वापरलंत, माणसाला असं फसवून पुढे नेता येत नाही. ते टोस्टची पिशवी घेऊन शेजारी बसले. मग म्हणाले, "खोटं पहिलं एकच गो. एकीला मी म्हटलं, दुसरी सहा किलोमीटर धावते. ती ऐकून सहा धावली. मग दुसरीला सांगितलं, ती सहा धावते. ते काय खोटं होतं? दुसरीनं सात केले. ते पहिलीला सांगितलं. ते पण खरं."

"आणि बारा वळणं? भाकऱ्या?"

"ते चवीपुरतं मीठ."

"आणि मी एक शब्द बोलत नाही, हे?"

"ते खोटंच," चाचा म्हणाले. "ते खरं व्हायची वाट बघतोय अजून." आणि पिशवीतला टोस्ट पुढे केला. मी घेतला नाही. वैशालीनं तिचाही खाल्ला आणि माझाही.

घरी आल्यावर मी धावणं बंद केलं आणि पत्रक लिहिलं. मथळा होता, 'खेळाडूंची फसवणूक थांबवा'. त्यात तारीखवार त्यांची सगळी खोटी विधानं नोंदवली, वैशाली बारा नव्हे तर सातच वळणं धावते, हेही लिहिलं. झेरॉक्स काढून पहिली प्रत चाचांनाच नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद टेम्पोच्या बॉनेटवर पसरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचला. मग माझ्याकडे पेन मागितलं. 'सात' खोडून वर 'नऊ' लिहिलं.

"सोमवारपासून नऊ करते ती. राज्याची तयारी हाय. छापतेस तर खरं छाप."

त्या माणसावर चिडायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रस्त्यावर उभी होते. उरलेल्या प्रती अजून माझ्याकडे आहेत. मजकूर चुकीचा ठरल्यामुळे वाटता आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी जिल्ह्यात मी पहिली आले आणि राज्याला गेले. तिथं अकरावी आले. परत येताना मनात नुसती भीती होती, की आता ते कुठल्या गावची पोर काढतील. चाचांनी माझा चेहरा बघितला, हातातली लादी खाली ठेवली आणि विचारलं, "गर्दी फार होती ना?" त्यांच्याकडून मिळालेलं सांत्वन म्हणावं असं एवढंच.

गेल्या वर्षी चाचा गेले. श्वासाचा त्रास होता, टेम्पो आधीच सुटला होता. त्याच्या महिनाभर आधी मी आणि वैशाली त्यांना भेटायला गेलो होतो. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. चाचींनी चहाबरोबर टोस्ट ठेवले. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "चाचा, आता तरी सांगा. ते पहिलं खोटं कुणाला सांगितलंत? मला की हिला?"

त्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "जिला जास्त गरज होती, तिला," म्हणाले आणि डोळे मिटले. झोप आली नव्हती. पापण्या हलत होत्या.

वैशालीचं म्हणणं, ती गरजू मी. माझं म्हणणं, ती. वैशाली आता पोलिसात आहे, पनवेलला असते. मी महाडलाच आहे, लिहिते, बाबांची पत्रकंही आता मीच तपासते. एकही आकडा पडताळल्याशिवाय छापायला देत नाही. पोलादपूरच्या वैशालीचा मात्र दर रविवारी सकाळी फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"किती झाले आज?"

परवा मी सहा करून नुकतीच घरात शिरले होते. बूट अर्धे काढलेले. पाय दुखत होते आणि पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"आठ," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "मग मी पण निघते परत."

फोन ठेवला. थोडा वेळ उंबऱ्यावर बसून स्वतःवर आणि चाचांवर सारखीच चिडत राहिले. मग बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या आणि राहिलेले दोन किलोमीटर धावायला सवच्या रस्त्याला लागले.